मदत हवी आहे: बाटलीवर वाढवलेल्या मेंढीची लोकर घरी कशी कातरायची?

आमची राणी दख्खनी मेंढी, काळी, दोन वर्षांची, वजन अंदाजे २८ किलो. आई मेली म्हणून शेळीच्या दुधावर, बाटलीने वाढवलीय, कळपात कधी राहिलीच नाही. आम्ही फलटण तालुक्यात. मागच्या वेळी ओळखीच्या धनगरमामांनी कातरली होती, पण यंदा त्यांचा वाडा (मेंढरं आणि बिऱ्हाड) दिवाळीनंतर कोकणात उतरलाय आणि पावसाच्या तोंडावरच परत येणार. तोवर थांबता येणार नाही, ऊन तापलंय आणि ती दुपारी तोंड उघडून धापा टाकते.

पोटाखाली आणि पुढच्या पायांच्या बगलेत लोकरीचे जट झालेत, आत कुसळं अडकलीत. कुत्र्याचा ट्रिमर लावून बघितला, दोन मिनिटांत चिकटाने जाम झाला. शिलाईच्या कात्रीने पाठ थोडी जमली पण बगलेत कातडी सैल आहे, लोकर वर ओढली की कातडीपण सोबत वर येते, तिथे एक छोटा काप बसला आणि माझे हातच थरथरायला लागले. हळद लावली, जखम सुकलीय. गोचिडाचं औषध डॉक्टरांनी दिलंय, ते कातरत नाहीत. पाय बांधले की ती एवढी ओरडते की बघवत नाही, आणि मदतीला फक्त माझी आई असते.

कातरायच्या आधी विहिरीवर धुतली तर किती दिवस वाळू द्यायची? आणि पाय न बांधता तिला कसं धरायचं, म्हणजे बगलेतली कातडी ताणलेली राहील?