घरी गाडीचं ऑइल बदलताना सांडतं का? तुमचे अनुभव लिहा

जुनी_स्प्लेंडर (धागाकर्ता)
दिवाळीची आवराआवर चाललीय, माळ्यावरून बाबांचा ऑइल काढायचा कॅन निघाला. पाच लिटरचा, आडवा ठेवून वरची बाजू कापलेली, झाकण मात्र शाबूत. हातात घेतला आणि सगळं आठवलं. आमची ९६ ची हिरो होंडा, बाबा ऑइल अंगणातच बदलायचे आणि शहाबादी फरशीवर एक थेंब दिसला तर शप्पथ.
आधी चौकापर्यंत एक चक्कर. ऑइल कोमट झालं की पातळ होतं, तळाचा गाळही सोबत येतो. फार तापवायचं नाही, हात भाजतो. मग डबल स्टँड, खाली पेपर, पेपरवर कॅन. १७ च्या रिंग पान्याने इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट फक्त सैल करायचा, पुढचं काम बोटांचं. बोल्ट आत दाबत दाबत फिरवायचा, म्हणजे आटे संपेपर्यंत बाहेर काही येत नाही, आणि शेवटचा आटा सुटला की झटकन हात बाजूला. धार सरळ कॅनमध्ये! डिपस्टिक (ऑइल ओतायच्या तोंडाचं, मोजकाडीचं झाकण) त्यानंतर काढायची. आधी काढली तर हवा मिळून पहिली धार जोरात येते आणि कॅनच्या पलीकडे जाते.
शेवटी कॅनचं झाकण उघडून जुनं ऑइल ९०० मिलीच्या रिकाम्या बाटलीत. किती परत आलं ते बाटली उजेडात धरून बघायचे. कमी भरलं की म्हणायचे, गाडी ऑइल खायला लागली, पिस्टन बघावा लागेल.
तुमच्याकडे कसं करायचे? लिहा.

रानातला_गडी
आमी ट्रॅक्टरचं काढतो, तिथं एका लिटरची गोष्ट नाय, घमेलं भरतं पार. आणि रानात वारं असलं की धार तिरकी होते, म्हणून दोन्हीकडनं पोती धरायची. घमेलं उचलताना हिंदकळतं, तवा ते हलवायचंच नाय, मगानं तिथंच कॅनमधी भरायचं. अजून पेरणी राहिलीय हरभऱ्याची, नंतर येतो.

पेठेतली_मावशी
आमच्या सोसायटीत पार्किंगला टाइल्स आहेत आणि सेक्रेटरी आहेत, दोन्हीला डाग चालत नाही 😀 मी अ‍ॅक्टिव्हाचं स्वतः काढते. जुना परात-ट्रे आणि खाली खोक्याचा पुठ्ठा, पेपर नको, पेपरातून झिरपतं. आणि ऑइल पुस्तकात बघून ओता गं मुलींनो, माझ्या ११० ला बदलताना ७०० मिलीच लागतं, अख्खी बाटली उपडी करायची नाही.

सातारी_कंदी
मावशी टाइल्सवर पडलंच तर काय करता? आमच्याकडे शेजाऱ्यांच्या गाडीचं गळतंय, बायको रोज बोलते

पेठेतली_मावशी
लाकडाचा भुसा. वखारीत मिळतो. आधी पाणी अजिबात नाही टाकायचं, पसरतं. भुसा दाबून रात्रभर ठेव, सकाळी झाडून मग भांड्याचा साबण आणि ब्रश.

पाना_बारा_तेरा
वायसर!!! कोणीच लिहिलं नाही. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवीन, पाच-दहा रुपयाची वस्तू. तो एकदा चेपला की परत नीट बसत नाही, थेंब थेंब गळतं आणि मग माणूस बोल्ट अजून आवळतो. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे जातात. मित्राच्या गाडीचे एका गॅरेजवाल्याने असेच घालवले, हातभर पाइप लावून आवळला होता. शेवटी लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नवीन आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घेतलं. चीड येते अशा कामाची.

सातारी_कंदी
अरेरे. आटे गेले की जीव जातो

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत थंडीत गाडीखाली झोपायचं म्हणजे शिक्षा. मी बोल्टच्या जागी फ्युमोटोचा व्हॉल्व्ह बसवलाय, खटका फिरवला की ऑइल पाइपमधून थेट डब्यात, पान्याला हातच लावायचा नाही. फिल्टर काढताना त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि पिशवीतच सोडवायचा, कोपरापर्यंत ओघळ येत नाही. जुनं ऑइल ऑटोझोनवाले (गाड्यांच्या पार्ट्सची दुकानं) फुकट घेतात. बाकी चकली कोणी पाठवेल का इकडे

जांभा_दगड
आमच्या गावी जळकं ऑइल टाकत नाहीत, वाशांना आणि गोठ्याच्या खांबांना लावतात, वाळवी लागत नाही. आजोबांपासून बघतोय.

विहिरीकाठी
@जांभा_दगड राग मानू नका पण विहिरीजवळ नका लावू आणि गोठ्यात तर नकोच, गुरं खांब चाटतात. जळक्या ऑइलमध्ये इंजिन झिजून आलेले धातू असतात. जांभ्यातून पाणी किती पटकन झिरपतं ते तुम्हाला मी काय सांगू. सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. आम्ही कॅन भरला की गॅरेजच्या पिंपात नेऊन देतो, तिथून रिसायकलिंगला जातं. गटारात ओतणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, नका ओतू.

जांभा_दगड
राग कसला. गुरांचं लक्षात नव्हतं आलं, भावाला फोन करतो आजच.

नवीन_पल्सर
मस्त धागा. उद्या पहिल्यांदाच करणार आहे. स्प्लेंडरला फिल्टर नसतो का? काकांनी लिहिलं नाही काही

जुनी_स्प्लेंडर
कागदी फिल्टर नाही रे तिला. आत जाळी असते आणि फिरून गाळ बाजूला काढणारा सेंट्रिफ्युगल, तो रोज उघडायचा नसतो. तुझ्या पल्सरला आहे. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) नवीन घे, बसवताना बोटाने ऑइल लाव. ऑइल ओतून इंजिन दोन मिनिटं चालव, बंद करून थोडं थांब आणि मग खालून बॅटरीने बोल्ट बघ.

नवीन_पल्सर
ओके काका. १७ चा पाना आहे, वायसर सकाळी आणतो.