कागदपत्रे नसलेले कामगार आणि त्यांना कामावर ठेवणारे मालक: कायद्याने कोणाला धरावे?

अन्वय (धागाकर्ता):
१२ मे २००८ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, पोस्टव्हिल या लहानशा गावातील मांसप्रक्रिया कारखान्यावर धाड पडली आणि ३८९ कामगारांना अटक झाली. त्यांतील बहुतेक ग्वाटेमालाहून आलेले होते. सुमारे तीनशे जणांना काही दिवसांतच दोषी ठरवण्यात आले आणि बहुतेकांच्या वाट्याला पाच महिन्यांचा तुरुंगवास व त्यानंतर हद्दपारी आली. कारखान्याच्या प्रमुखालाही पुढे २७ वर्षांची शिक्षा झाली, परंतु ती बँकेच्या फसवणुकीबद्दल. बेकायदा स्थलांतरितांना कामावर ठेवल्याचे त्याच्यावरील आरोप सरकारने स्वतःच मागे घेतले.

हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. १९५२ च्या कायद्याने अशा स्थलांतरितांना आसरा देणे हा गुन्हा ठरवला, मात्र त्यांना नोकरी देणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी सवलत त्याच कायद्यात घातली गेली आणि ती टेक्सासच्या शेतमालकांसाठी होती म्हणून त्या राज्याच्याच नावाने ओळखली जाते. मालकाला दोषी धरणारा कायदा १९८६ मध्ये आला, पण त्यातही मालकाने ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवले हे सिद्ध करावे लागते. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला या श्रमाचा नफा मिळतो त्याच्यावर कारवाईचा पहिला भार पडला पाहिजे.

तर्कदीप:
आपली चीड समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. नव्या माणसाला कामावर घेताना मालकाला आय-नऊ हा अर्ज भरून कागदपत्रे पाहावी लागतात. ती सकृद्दर्शनी खरी वाटत असतील तर स्वीकारावीच लागतात. उमेदवाराच्या उच्चारावरून किंवा चेहऱ्यावरून संशय घेऊन जास्तीचे कागद मागितले, तर भेदभाव केल्याबद्दल तोच मालक त्याच कायद्याखाली अडचणीत येतो. सरकारची ई-व्हेरिफाय ही संगणकीय पडताळणी बनावट क्रमांक पकडते, पण कामगाराने दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारने दिलेला ओळख क्रमांक) वापरला असेल तर ती बहुधा फसते. दहा माणसांचा व्यवसाय चालवणाऱ्याने सीमेवरच्या अधिकाऱ्याचे काम करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मृण्मयी:
तर्कदीप, आपण प्रामाणिक मालकाची अडचण सांगितलीत आणि ती खरी आहे. परंतु बांधकामात अनेक ठिकाणी मुख्य कंपनी कामगाराला नोकरीवर घेतच नाही. ती उपठेकेदाराला काम देते, तो आणखी एकाला देतो आणि शेवटी घाम गाळणारा माणूस कागदावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरतो. स्वतंत्र व्यावसायिकासाठी आय-नऊ भरावाच लागत नाही. असे ‘न जाणणे’ विचारपूर्वक उभे केलेले असते, आणि नियमाने वेतन, कर व विमा देणारा ठेकेदार निविदेत मागे पडतो. त्याच्याकडे काम करणाऱ्या, कागदपत्रे असलेल्या मजुराचीही रोजी जाते, हे या वादात फार कमी वेळा बोलले जाते.

शिवार:
शेतीचे काय करायचे, तेही सांगा. अमेरिकेत पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी ढोबळमानाने चाळीस टक्क्यांकडे कायदेशीर परवाना नाही. हंगामी मजुरांसाठी एच-दोन-ए व्हिसा आहे आणि त्याला संख्येची मर्यादा नाही. पण मालकाला राहण्याची सोय व ठरवून दिलेले किमान वेतन द्यावे लागते, आणि मुळात तो फक्त हंगामी कामासाठी आहे. गाय वर्षभर दूध देते. त्यामुळे दुग्धव्यवसायाला तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. आधी कायदेशीर वाट द्या, मग मालकाला जरूर पकडा.

अन्वय:
शिवार, वाट हवी याबद्दल दुमत नाही. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जाही दिला होता. परंतु वाट नाही म्हणून आजचा मजूर मालकाच्या मर्जीवर सोडून देता येणार नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या हॉफमन प्लास्टिक खटल्यात कामगार संघटनेला पाठिंबा दिल्यामुळे एका कामगाराला बेकायदेशीरपणे काढून टाकण्यात आले होते, आणि त्याच्याकडे कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने त्याला बुडालेल्या वेतनाची भरपाई नाकारली गेली. म्हणजे मालकाने कायदा मोडला तरी त्याची किंमत त्याला कमी पडते. अशा कामगाराला ठेवणे स्वस्त होण्याचे एक कारण हेच आहे, आणि म्हणून वेतन बुडवल्याची तक्रार करणाऱ्याला हद्दपारीपासून संरक्षण मिळावे, ही माझी पहिली मागणी आहे.

तर्कदीप:
या मागणीला माझा पाठिंबा आहे. ‘सगळ्या मालकांना धरा’ या घोषणेला मात्र नाही. ॲरिझोनाने २००७ मध्ये कायदा करून ई-व्हेरिफाय सक्तीचे केले आणि दुसऱ्यांदा दोषी आढळणाऱ्याचा व्यवसाय परवाना रद्द करण्याची तरतूद ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो कायदा वैध ठरवला, तरीही त्याखाली मालकांवरचे खटले अगदी मोजकेच झाले.

मृण्मयी:
म्हणजे तरतूद होती, पण ती वापरायची इच्छा नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये मिसिसिपीतील कोंबडीमांसाच्या कारखान्यांवरील धाडींत एका दिवसात सुमारे ६८० कामगार पकडले गेले. त्यानंतर सुमारे वर्षाने चार व्यवस्थापकांवर आरोप ठेवण्यात आले. सहाशे ऐंशी माणसांना शोधायला लागणारे मनुष्यबळ सरकारकडे होते. त्यांच्या वेतनाच्या नोंदी पाहून, त्यांना कोणी आणि काय माहीत असताना कामावर घेतले हे तपासण्यासाठी त्याहून कमी माणसे पुरली असती.

शिवार:
ते तपासा, माझी हरकत नाही. पण त्या तपासानंतर कारखान्यातली आणि गोठ्यातली कामे कोण करणार, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.