लांबलेलं फॅन वेबकॉमिक नीट कसं संपवावं? (६४२ पानं, साइट, वाचक, छापील अंक)

शाई_आणि_शेपूट (कोल्हापूर)

आम्ही दोघी एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या पात्रांवर मराठीत फॅन वेबकॉमिक चालवतो. एक लिहिते, एक काढते. दर रविवारी एक पान, आजवर ६४२. आता थांबायचं ठरलंय. "थोडी विश्रांती घ्या" हा सल्ला नको, तो घरून रोज मिळतोय.

साइट वर्डप्रेसवर आहे. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही मार्चअखेर संपतं. पानं ९०० पिक्सेल रुंद पीएनजी. मूळ मोठ्या फायली ४००व्या पानापासूनच्या आहेत, त्याआधीचं सगळं कागदावर, शाई आणि मार्कर. कथेत पाच धागे उघडे आहेत. एक टेलिग्राम चॅनल, एक व्हॉट्सॲप ग्रुप.

शेवटाला किती पानं द्यावीत? वाचकांना आधी सांगावं की शेवटचं पान टाकून? साइटचे पैसे न भरता पानं कुठं ठेवता येतील? आणि शेवटच्या भागाचा छोटा अंक कोल्हापुरातच छापायचा झाला तर काय बघावं?

चौकटमोड

आधी पानं मोजा, मग तारीख ठरवा, मग जाहीर करा. क्रम उलटला की फसतं. वाचक दर रविवारी "अजून किती?" विचारणार आणि तुमचा हिशोब अजून व्हायचाच असणार.

पाचही धागे चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येकापुढे एवढंच: धागा गेमचा की तुमचा, आणि तो मिटवायला कमीत कमी किती चौकटी लागतील. फॅन कॉमिकला इथं एक सोय असते. मूळ पात्रांचं पुढं काय झालं हे वाचकाला गेममधूनच ठाऊक असतं, तुम्ही दाखवलं नाही तरी तो अडून बसत नाही. पण तुम्ही घडवलेलं, गेममध्ये नसलेलं पात्र अर्ध्यावर सोडलंत तर त्याला दुसरीकडं कुठंच शेवट नाही. पानं तिथं खर्च करा. पाचापैकी दोन धागे तुमच्या पात्रांचे असतील तर त्यांना ६-६, गेमच्या मुख्य धाग्याला ४, शेवटाला २. उरलेले दोन धागे एकेका चौकटीत मिटतात, कुणाच्या बोलण्यातून किंवा मागच्या दुकानाच्या पाटीवरून. झाली १८ पानं, म्हणजे पान ६६० ला शेवट.

या अठरापैकी निदान १२ पूर्ण तयार असल्याशिवाय तारीख सांगू नका. जाहीर केल्यावरचे पहिले दोन आठवडे उत्तरं देण्यातच जातात, ब्रश हातात येत नाही. घोषणा शेवटच्या पानाच्या सहा आठवडे आधी पुरते. त्याहून आधी केली तर प्रत्येक पान निरोपाचंच वाटायला लागतं आणि विनोद पडतात.

काढणं झेपेनासं झालं तर कच्च्या रेखाटनांवर संवाद लिहून पूर्ण करा, लोक वाचतात. मात्र बदल प्रकरणाच्या सीमेवर करा. ऐन मारामारीत रंग गायब झाले तर वाचकाला फाइल बिघडली असं वाटतं.

निरोपाचा मजकूर पान ६६० वर टाकू नका. तो आजच्या वाचकासाठी असतो आणि पान पुढं येणाऱ्यांसाठीही असतं. पुढच्या वर्षी कुणी पहिल्या पानापासून सलग वाचत आला की त्याला कथा संपायच्या आतच तुमचे आभार वाचावे लागतील. निरोप वेगळ्या पानावर लिहा: शेवटची तारीख, पानं पुढं कुठं राहतील, काय उतरवून घेता येईल, कुणी पुढं चालवू शकतो का. या शेवटच्या मुद्द्यावर मोघम राहू नका. गेमची पात्रं तुमची नाहीत, त्यामुळं परवानगी फक्त तुमच्या पात्रांपुरती आणि तुमच्या चित्रांपुरतीच देता येते. तसंच लिहा. "बघू, कधीतरी परत येऊ" हे वाक्य मात्र गाळा, लोक त्याच एका वाक्यावर वर्षभर बसून राहतात.

सर्व्हरवाला

साइटचं सांगतो. होस्टिंग बंद करण्याआधी तीन वेगळ्या गोष्टी हातात हव्यात: डेटाबेसची प्रत, "अपलोड्स" फोल्डर (यातच चित्रं असतात) आणि वर्डप्रेसची एक्सएमएल निर्यात. बरेच जण फक्त तिसरी घेऊन मोकळे होतात. त्या एक्सएमएलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया असतात, पण चित्रं नसतात, नुसते चित्रांचे पत्ते असतात. होस्टिंग गेलं की पत्ते उरतात आणि घर पडलेलं.

मग साइटची स्थिर प्रत काढा, म्हणजे डेटाबेसविना चालणारी साधी एचटीएमएल पानं. वर्डप्रेसच्या आतून "सिम्पली स्टॅटिक" प्लगइनने होतं, बाहेरून "एचटीट्रॅक"ने. अडचणी ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी, मराठी शीर्षकांची. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं आणि पत्त्यात टक्केचिन्हांसह त्याची ९ अक्षरं होतात. काना-मात्रा वेगळे मोजले जातात. वर्डप्रेस पत्त्याचा तो तुकडा २०० अक्षरांवर कापतो, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. "रंकाळ्यावरची मारामारी भाग १" आणि "भाग २" यांचे पत्ते जवळजवळ सारखेच दिसतात. स्थिर प्रतीत फाइलच्या नावातच टक्केचिन्हं बसली की सर्व्हर ती पुन्हा उलगडतो आणि पान सापडत नाही. म्हणून प्रत काढण्याआधीच सगळ्या पानांचे पत्ते आकड्यांवर आणा: ०००१ ते ०६६०, इंग्रजी आकड्यांत (0 ते 9), चार अंकी. पुढची शून्यं ठेवा, नाहीतर यादीत १० नंबर २ च्या आधी येतो.

दुसरी, फायलींच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. घरच्या लॅपटॉपवर सगळं दिसतं, वर चढवलं की अर्धी चित्रं गायब.

तिसरी, शोधपेटी आणि प्रतिक्रियेचा फॉर्म स्थिर प्रतीत चालत नाही. दोन्ही काढून टाका, मेलेली बटणं ठेवू नका.

प्रतिक्रिया स्वतः मात्र ठेवा. डेटाबेसच्या प्रतीत वाचकांचे ईमेल आणि आयपी पत्ते असतात, ती प्रत कुणाला देऊ नका आणि कुठं उघड्यावर चढवू नका. प्रतिक्रियांशेजारची ग्रॅव्हॅटारची (ईमेलवरून आपोआप येणारी) चित्रंही बंद करा, त्यांच्या पत्त्यात वाचकाच्या ईमेलवरून काढलेला सांकेतिक क्रमांक, म्हणजे हॅश, असतो.

आकार: पान सरासरी ६०० केबी धरलं तर ६६० पानं ४०० एमबीच्या आत बसतात. स्थिर साइट फुकट ठेवता येणाऱ्या गिटहब पेजेसवर १ जीबीची मर्यादा आहे. तशाच क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत २०,००० फायली, एकेक फाइल २५ एमबीपर्यंत. दोन्हीकडं आरामात मावेल. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानं जतन करा. तिथं स्क्रोल केल्यावर लोड होणारी चित्रं पुष्कळदा सुटतात. आधी साइटवरचं "लेझी लोड" बंद करा, जतन झाल्यावर पाच-दहा पानं उघडून बघा.

डोमेन सोडू नका. मोफत होस्टिंगवर गेलात तरी डोमेनचे पैसे भरा, एका वेळी १० वर्षांपर्यंत भरता येतात. डॉट कॉम नाव संपलं की रजिस्ट्रारची (नाव विकणाऱ्या कंपनीची) सवलतीची मुदत, मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याचे, मग नाव पुसलं जाण्याआधीचे ५ दिवस, आणि मग नाव खुल्या बाजारात. जुन्या दुव्यांमुळं अशा नावांना किंमत असते, जुगाराच्या जाहिराती लावणारे टपून बसलेले असतात. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली तरी कोल्हापूर तिला आपलीच म्हणतं. डोमेनचं तसं नसतं.

मॅपलिथो_९०

छपाईचं. ९०० पिक्सेल रुंदीचं पान ए-५ वर (१४८ मिमी) छापलंत तर ते १५४ डीपीआय (इंचाला १५४ ठिपके) होतं. रेघा फुटणार, अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या दिसणार. ३०० डीपीआयला ए-५ साठी १७४८ × २४८० पिक्सेल लागतात. चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरलं तर १८१९ × २५५१. "रिझोल्यूशन वाढवून" मिळत नसतं. ४०० नंतरच्या मूळ फायली आहेत त्याच वापरा, आणि शेवटचा भाग त्यातलाच आहे, म्हणजे काम सोपं.

सेंटर पिनिंगला (घडीवर मधोमध पिना मारून बांधणीला) पानं ४ च्या पटीत. आतली ४८ आणि कव्हरची ४ असा अंक धरा: शेवटाची १८, त्याआधीचं प्रकरण, वाचकांची चित्रं. आतला कागद ९० किंवा १०० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद, कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड. रंगीत पानं मॅपलिथोवर थोडी मंद उतरतात. ते नको असेल तर आत १३० चा मॅट आर्ट पेपर घ्या, पण अंक जाड होतो, मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये कडेचा मजकूर जातो. फुगे कडेपासून १० मिमी आत ठेवा.

फुग्यांतली अक्षरं फक्त काळ्या शाईत, के १००. चारही रंगांचा काळा ठेवलात तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला लाल-निळी सावली येते, आणि देवनागरीत शिरोरेघेवर ती लगेच दिसते.

छापखान्यात फाइल बहुतेक कोरल ड्रॉमध्ये उघडणार. मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करूनच, द्या. तिथल्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडं जाते आणि रफार भलत्यावर बसतो. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी प्रूफ वाचा. मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च परवडत नाही. पीडीएफ बघून "हो" म्हणू नका, त्याच कागदावर पिन मारलेली एक डमी मागा. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे टाळा. पावसाळ्यात कव्हरला एकाच बाजूने लॅमिनेशन केलंत तर दमट हवेनं कव्हर वळतं, दोन दिवस वजनाखाली ठेवल्याशिवाय गठ्ठे बांधू देऊ नका.

कायदा_आणि_कॉफी

छपाईआधी एक थांबा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ प्रमाणं रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा. कलम ५२ मधल्या सवलती टीका, समीक्षा, खासगी वापर अशा ठरावीक कामांसाठी आहेत. "आम्ही फुकट वाटतो" एवढ्यानं काम कायदेशीर होत नाही, विकलंत तर धोका सरळ वाढतो. काही गेम कंपन्या फॅन कामाचे नियम स्वतःच प्रसिद्ध करतात, तुमच्या गेमचे असतील तर छापील प्रतींबद्दलचा भाग आधी वाचा. कव्हरवर गेमचा लोगो नको, आत "अनधिकृत, विक्रीसाठी नाही" हे ठळक. छपाईखर्चासाठी साइटवर पैसे घेण्याचा क्यूआर कोडही लावू नका.

पाहुण्यांनी काढलेली पानं आणि वाचकांची चित्रं त्यांचीच. साइटवर टाकायची परवानगी म्हणजे छापायची परवानगी नव्हे. प्रत्येकाला वेगळं विचारा, उत्तर लेखी घ्या.

शाई_आणि_शेपूट

खूप खूप आभार. पत्ते आकड्यांवर आणायला आजच बसलो, "भाग १, भाग २" ची गंमत आमच्याकडं अकरा ठिकाणी निघाली. अंक विकणार नाही, वाटूच. दोन प्रश्न राहिले: कागदावरची ४०० पानं कशी ठेवावीत, आणि ग्रुपचं काय करावं?

मॅपलिथो_९०

कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, मग निघत नाही. आधी ६०० डीपीआयला टिफमध्ये स्कॅन, मग दोन पानांत आम्लरहित कागद घालून सपाट खोक्यात, आडवी. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनआधी बदला. मार्करचे रंग उजेडात उडतात. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात वगैरे प्रदर्शन मांडायचा विचार असेल तर रंगीत पानांचे प्रिंट लावा, मूळ फक्त शाईची लावा. खोकं तळमजल्यावर ठेवू नका. पंचगंगेचं पाणी २०१९ ला कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

सर्व्हरवाला

व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकमेव ॲडमिन बाहेर पडला की कुठल्यातरी सदस्याला आपोआप ॲडमिन केलं जातं. तसं होऊ देऊ नका: आधी दोन विश्वासू वाचक ॲडमिन करा किंवा "फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात" हे लावून ग्रुप शांत ठेवा. टेलिग्राम चॅनलची मालकी दुसऱ्याला देता येते, पण तुमच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी निदान ७ दिवस आधीपासून सुरू असावी लागते. शेवटच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

साइटवरच्या शेवटच्या पानाच्या प्रतिक्रिया दोन आठवडे उघड्या ठेवा, मग बंद करा आणि त्यानंतर स्थिर प्रत काढा. उलट केलंत तर निरोपाच्या प्रतिक्रियाच प्रतीत येत नाहीत, आणि याच चुकीची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते.

चौकटमोड

एक राहिलं. पान ६६० वरचं "पुढचे" बटण निरोपाच्या पानाकडं न्या, आणि निरोपाच्या पानावरून ते काढूनच टाका. ते मुखपृष्ठाकडं वळवलेलं असेल आणि मुखपृष्ठावर ताजं पान दिसत असेल, तर वाचक दाबत राहतो आणि त्याच पानावर गोल फिरतो. "मागचे" आणि "पहिले" ही दोन बटणं तेवढी ठेवा.