शब्दचर्चा : माजघराचे चित्र, की अंतर्भागाचे रेखाटन?

पृच्छा (अंबाजोगाई)

माझे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. नोकरीत असताना सुट्ट्यांमध्ये आणि पुढे निवृत्तीनंतर त्यांनी औसा, निलंगा, उमरगा या भागांतील जुने वाडे आतून पाहिले आणि तेथील दालनांची, तसेच घरातल्या कसबी वस्तूंची चित्रे शिसपेन्सिलीने काढली. चौकटीवरच्या वेलीचे प्रत्येक पान ते मोजून घेत असल्यामुळे एकेका चित्राला महिना-दीड महिना सहज लागे. आता त्यांचा हात थरथरतो. ही चित्रे आम्ही गावातच मांडणार आहोत आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची पट्टी लावणार आहोत.

एका परिचितांनी ‘ऐतिहासिक अंतर्भागांची तपशीलवार रेखाटने’ हे शीर्षक सुचवले. ते ऐकून आई म्हणाली, “अंतर्भाग पोटाला असतो, घराला कुठला?” तेव्हा ‘इंटीरिअर’साठी कोणता शब्द घ्यावा, या चित्रांना रेखाटन म्हणावे की रेखाचित्र, आणि बिदरी पानडब्याच्या चित्राखाली ‘जडावकाम’ असे लिहिले तर चालेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (परभणी)

आपल्या मातोश्रींचा कान पक्का आहे. तरीही आधी चित्रांच्या नावाविषयी लिहितो.

‘रेखाटणे’ या क्रियापदात थोडी घाई असते. समोर दिसले ते चार रेघांत पकडले, की ते रेखाटन झाले. महिनाभर चाललेल्या कामाला हा शब्द तोकडा पडतो. ‘आरेखन’ हा शब्द बांधकाम खात्याच्या वाटेने रुळला आहे, आरेखक हे तेथील पदच आहे, आणि मोजमापाच्या नकाशाला तो शोभतो. ‘रेखाचित्र’ म्हटले की रेघ प्रधान ठरते. आपल्या वडिलांच्या कामात रेघेपेक्षा उजेड आणि काळोख यांचे थर महत्त्वाचे असावेत, असे वर्णनावरून वाटते. शिवाय हिंदीत हा शब्द एका गद्यप्रकाराचे नाव म्हणूनही रूढ आहे. छटाकामासाठी ‘छायांकन’ सुचवणारे भेटतील, परंतु तो शब्द चित्रपटाच्या श्रेयनामावलीने केव्हाच नेला. म्हणून मी सरळ ‘शिसपेन्सिलीची चित्रे’ असे लिहीन. या पेन्सिलीत शिसे मुळीच नसते, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. कोन्ते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये ही दोन्ही एकत्र भाजण्याची रीत काढली, आणि मातीचे प्रमाण वाढेल तशी पेन्सिल कडक व फिकट होते. पण शब्द रुजला आहे, तो शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये.

आता ‘इंटीरिअर’. या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द सापडत नाही, याचे कारण भाषेचे दारिद्र्य नसून आपल्या घरांची रचना आहे. वाड्यात ‘आत’ अशी एक सलग जागा नसतेच. दाराला लागून देवडी असते, पुढे ढाळज असते (आमच्याकडे काही जण ढेळज म्हणतात), चौकाभोवती ओसरी आणि तिच्या आत माजघर असते. या प्रत्येक जागेचा उजेड वेगळा असतो आणि तेथे बसणारी माणसेही वेगळी असतात. ‘अंतर्भाग’ म्हटल्याबरोबर हा सगळा भेद पुसला जातो. पट्टीवर त्या त्या जागेचेच नाव लिहावे, आणि सर्व चित्रांसाठी मिळून शीर्षक हवे असेल तर ‘वाड्याच्या आत’ एवढे पुरे.

हाच नियम भागांनाही लागू करावा. दिव्यापुरती असते ती दिवळी आणि चार वस्तू मावतात तो कोनाडा, त्यामुळे दोन्हींना ‘भिंतीतील कप्पा’ म्हणू नये. छत आतून पाहिले तर तो कडीपाट आणि वर जाऊन उभे राहिले तर ते माळवद. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि खोलीचे माप खणांत सांगण्याची रीत होती. माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले भोक ते साणे. त्याला ‘झरोका’ लिहिल्यास चूक होईल, कारण झरोका भिंतीत असतो आणि त्याचा उजेड आडवा येतो. साण्याचा उजेड वरून सरळ खाली पडतो, आणि चित्रात सावली जमिनीवर कुठे टेकते हे त्यावरच ठरते. शब्द चुकला तर पाहणाऱ्याला चित्रातली सावलीच चुकीची वाटेल.

आपण नावे घेतली तो भाग पाहता आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद हेच हजारो माणसांच्या मृत्यूला कारण झाले. त्यानंतर दगडमातीच्या घरांची लोकांना धास्ती बसली, पुनर्वसनाच्या वसाहतींत घरे वेगळ्या पद्धतीची झाली, आणि साणे, कडीपाट हे शब्द बोलण्याची गरजच उरली नाही. आपल्या वडिलांची त्याआधीची काही चित्रे असतील तर पट्टीवर वर्ष आवर्जून लिहावे.

प्रतिसाद (नांदेड)

परभणीकरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, मात्र ‘रेखाटन’ या शब्दावर ते जरा जास्तच कठोर झाले आहेत. वडिलांच्या जागेवर काढलेल्या कच्च्या वह्या शिल्लक असतील, तर त्यांना रेखाटने आणि पूर्ण केलेल्या कामांना चित्रे म्हणावे. भेद राहील आणि शब्दही वाया जाणार नाही.

पानडब्यासाठी ‘जडावकाम’ मात्र नको. जडवतात ते खडे, आणि ते कोंदणात बसतात. बिदरीच्या वस्तूत मुख्यतः जस्त आणि थोडे तांबे असलेल्या ओतीव धातूवर प्रथम मोरचुदाने तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे कोरलेली रेघ दिसते. मग छिन्नीने खोबण करून तीत चांदीची तार ठोकून बसवतात. त्या तारेच्या कामाला तारकशी म्हणतात आणि चांदीचा पत्रा बसवला असेल तर तहनिशान. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या पाण्यात वस्तू धरली, की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. आपण चित्र नीट पाहावे. तार दिसते तेथे वडिलांनी बहुधा काहीच काढले नसेल, कागद कोरा सोडून भोवतीचा काळा भरला असेल. तसे असेल तर पट्टीवर ‘पानडबा, बिदरी, तारकशी’ एवढेच लिहावे.

पृच्छक (अंबाजोगाई)

दोघांचेही आभार. तार खरोखरच कोरा कागद आहे. इतकी वर्षे चित्र घरात असून ते मला दिसले नव्हते.

एक शंका उरते. वेरूळच्या दहाव्या लेण्याचे एक चित्र आहे. त्याच्या कमानदार छताला लाकडी घराप्रमाणे ओळीने फासळ्या कोरलेल्या आहेत, आणि म्हणूनच लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. या फासळ्यांना वासे म्हणावे का? वासा भार पेलतो, आणि येथे तर सारा डोंगर एकसंध आहे.

प्रतिसाद (परभणी)

वासेच म्हणावे, परंतु ‘कोरीव वासे’. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली खरे लाकूड बसवलेले आहे आणि वेरूळला ते दगडातच कोरले आहे, हा फरक त्या एका विशेषणाने कळतो. ‘फासळ्या’ मात्र खोडून टाकावे. आपल्या मातोश्रींनी अंतर्भाग पोटाकडे पाठवला, त्याच न्यायाने फासळ्याही तिकडेच जातील.

पृच्छक (अंबाजोगाई)

खोडले. आज माजघराचे चित्र चौकटीत बसवण्यासाठी उलटे केले, तेव्हा मागे वडिलांच्या अक्षरात एक ओळ सापडली. तीच पट्टीवर जशीच्या तशी घेत आहे : ‘माजघर, तीन खण. दुपार. साण्याचा उजेड उतरंडीवर.’