संकटात विजय म्हणजे नेमकं करायचं काय? (अनुभव धागा)

धागाकर्ती
सलाम मंडळी. 'प्रभू विजय देतो' हे आपण दर रविवारी ऐकतो. पण रिपोर्ट हातात पडल्यावर, नोकरी गेल्यावर किंवा घरात मयत झाल्यावर पहिल्या आठवड्यात विश्वासणाऱ्याने करायचं काय, हे कोणी नीट सांगत नाही. स्वतःच्या कहाण्या साक्षीच्या सभेसाठी ठेवा. इथे फक्त कृती लिहा: काय वाचायचं, कोणाला कळवायचं, कुठे चुकतं.

नगरकर
सुरुवात बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायापासून. ३७वं वचन ('आपण महाविजयी ठरतो') सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतं, त्याच्या आधीची दोन कोणी छापत नाही. ३५व्यात पौल सात गोष्टी मोजतो: क्लेश, आपत्ती, पाठलाग, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. ३६व्यात तो ४४व्या स्तोत्रातली ओळ घेतो. ते स्तोत्र म्हणजे देवाकडे केलेली उघड तक्रार आहे आणि उत्तर न मिळताच ते संपतं. विजयाचं वचन येतं ते त्याच्या पाठोपाठ. संकट टळल्यानंतरचा विजय पौल सांगतच नाहीये.

म्हणून आधी तक्रार करायला शिका. त्यासाठी स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा 'कोठवर?' आहे, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. वही घ्या आणि त्याच क्रमाने लिहा. आपले चार 'कोठवर' खरे लिहा: हप्ता कोठवर थकणार, ताप कोठवर राहणार. मग एकच मागणी, ती मोघम नको. 'सर्व काही ठीक कर' ही मागणी नव्हे, 'गुरुवारच्या ऑपरेशनपर्यंत आईचं बीपी आटोक्यात राहू दे' ही मागणी. भरवशाची ओळ आली तर लिहा, नाही आली तर पान कोरं सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या वचनापासून.

चुकतं कुठे, तर लोक पहिली चार वचनं गाळून थेट पाचव्यावर उडी मारतात. दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग आतला राग घरच्यांवर निघतो.

घरभेटवाली
आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांसाठी. दहा मिनिटं पुरेत. एकच लहान स्तोत्र वाचा: २३ (सहा वचनं) किंवा १२१ (आठ वचनं). खाटेवर बसू नका, खुर्ची उशाजवळ ओढा, म्हणजे आजाऱ्याला मान वळवावी लागत नाही. प्रार्थना त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल अशी नको. प्रार्थनेआधी विचारा, "काय मागू?" बहुतेकदा उत्तर आपल्या अंदाजाहून वेगळं येतं. बरं होण्याऐवजी माणूस झोप मागतो, नाहीतर मुलीच्या परीक्षेचं सांगतो.

'देवाने काहीतरी शिकवायला हे दिलंय' हे वाक्य गेटबाहेर ठेवून या. बायबलमधल्या दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि बिघडलं.

वसईकर
कॅथलिकांसाठी एक मुद्दा. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मरणाच्या दारात घ्यायचा असतो, ही समजूत अजून जात नाही. मोठा आजार कळला, मोठं ऑपरेशन ठरलं किंवा म्हातारपणाने शक्ती गेली, की फादरांना सांगा. आजारी शुद्धीवर असताना, कुटुंब भोवती असताना घ्यावा. फादर कपाळावर आणि दोन्ही हातांवर तेल लावतात. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. फादर आले म्हणजे 'आता संपलं' असं आजाऱ्याला वाटेल या भीतीने लोक थांबतात, आणि मग खरोखरच तसं होतं. आधीच बोलावलंत तर ती भीती उरतच नाही.

सिस्टर (निवृत्त)
उपास-प्रार्थनेबद्दल लिहायलाच हवं. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण सोडू नये. घाम, थरथर, जीभ जड होणं ही साखर उतरल्याची खूण आहे, आत्म्याचा स्पर्श नव्हे. लगेच मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. अशांनी टीव्ही, मोबाइल किंवा चहा सोडावा, तोही उपासच. कॅथलिक नियमातही उपासाचं बंधन १८ ते ५९ वयापर्यंतच आहे आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे.

गोळ्या बंद करून 'विश्वासाने बरा झालो' म्हणणाऱ्यांना तीन वचनं दाखवा. कलस्सै ४:१४: पौलाचा सोबती लूक वैद्य होता. १ तीमथ्य ५:२३: पोटासाठी पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. २ तीमथ्य ४:२०: दुसरा सोबती त्रफिम याला पौलाने मिलेत गावात आजारी असतानाच मागे ठेवलं. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का?

खजिनदार
संकटातल्या घराभोवती 'खास प्रार्थना' करणारे फिरतात. ओळखायची खूण सोपी: आकडा आधी सांगतात, पावती देत नाहीत आणि पाळकांना (पास्टरना) कळवू नका म्हणतात. दान द्यायचंच असेल तर मंडळीच्या (चर्चच्या) खात्यात द्या, पावती घ्या. उलट घराला पैशांची गरज असेल तर पाळक किंवा वडीलमंडळाला स्पष्ट आकडा आणि तारीख सांगा. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढ्यावरून कोणाला कळत नाही की शाळेची फी राहिलीय.

ग्रुप ॲडमिन
प्रार्थना विनंतीचा मेसेज आजाऱ्याला विचारूनच टाका. आजाराचं नाव, वॉर्ड नंबर, फोटो नको. असा पुरतो: 'आपल्या मंडळीतील एका भगिनीची बुधवारी सकाळी तपासणी आहे. ९ वाजता दोन मिनिटं प्रार्थना करावी. फोन करू नये, निरोप आम्ही देऊ.' निकाल आल्यावर तोही कळवा, वाईट असला तरी. चांगलेच निकाल टाकले की बाकीची घरं पुढच्या वेळी विनंतीच पाठवत नाहीत.

केडगाव लाइन
संकट सरलंच नाही तर विजय कुठला, असं विचारणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंची शेवटची वर्षं बघावीत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी केडगावला निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन पुढे तीच सांभाळेल, असं धरलेलं होतं. त्या दुःखात आणि आजारपणातही रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं.

पेटीवाला
मयताच्या घरी गाणं घेताना पट्टी नेहमीपेक्षा एक-दोन सूर खाली धरा. रडून बसलेल्या गळ्यांना वरचा सा लागत नाही, मग घरचे गप्प होतात आणि पाहुणेच गात राहतात. दोन कडवी पुरे. टाळ-ढोलकी घरच्यांनी मागितली तरच.

धागाकर्ती
नगरकर, ज्यांना भरवशाची ओळ आठवडे-महिने सुचतच नाही, त्यांनी काय वाचायचं?

नगरकर
स्तोत्र ८८. त्यात शेवटीही उजेड नाही, अंधारावरच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मात्र एकट्याने रात्री वाचू नका. दिवसा, कोणाला तरी शेजारी बसवून, मोठ्याने वाचा आणि पुढे काही जोडू नका. जगणं नको वाटत असेल तर स्तोत्राची वाट न बघता त्याच दिवशी घरातल्या एकाला आणि डॉक्टरला सांगा. पाळकांना त्यानंतर.