मदत हवी आहे: 'अटमोस्ट' की 'अपमोस्ट'? आणि मराठीत काय लिहू?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची (धातू ओतण्याच्या कारखान्याची) इंग्रजी पाटी मराठीत करायची आहे. भट्टीत माल टाकताना 'अटमोस्ट केअर' घ्या, असा मजकूर आहे. दुसऱ्या प्रतीत 'अपमोस्ट' छापलंय. शेवटी 'मोस्ट' आहे म्हणून मी 'जास्तीत जास्त काळजी' केलंय. बरोबर आहे का? हा शब्द आला कुठून? पाटी उद्या छापायला जाणार आहे.

प्रतिसाद १
'अटमोस्ट'च बरोबर. 'अपमोस्ट' म्हणजे सगळ्यात वरचा. फडताळाच्या कप्प्याला चालेल, काळजीला नाही.

आणि शेवटचं 'मोस्ट' हे मुळात 'मोस्ट' नव्हेच. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'ऊटमेस्ट'. 'ऊट' म्हणजे बाहेर, आजचं 'आउट'. 'मेस्ट' हा प्रत्यय, तोही दोन तमवाचक ('सगळ्यात' अशा अर्थाचे) प्रत्यय एकावर एक चढून झालेला: आधी 'म', त्यावर 'एस्ट'. पुढे लोकांना त्यात 'मोस्ट' ऐकू यायला लागलं आणि स्पेलिंगही तसंच झालं. 'फोरमोस्ट'ची कथा हीच.

तेव्हा मूळ अर्थ 'सगळ्यात बाहेरचा', पार हद्दीवरचा. आपल्या 'पराकाष्ठा'त हेच चित्र आहे: काष्ठा म्हणजे सीमा. 'सगळ्यात' हा अर्थ शब्दात आधीच आहे, म्हणून 'मोस्ट अटमोस्ट' लिहू नका.

प्रतिसाद २
भर घालतो. इंग्रजीतला 'एस्ट' आणि संस्कृतातला 'इष्ठ' एकाच मुळाचे. 'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ठ' सख्खे भाऊ, म्हणून तिथे ठ हवा, ट नको. प्रत्ययावर प्रत्यय आपणही चढवतो: 'श्रेष्ठ'मध्ये इष्ठ आहेच, तरी 'श्रेष्ठतम' म्हणतो.

प्रतिसाद ३
पाटीसाठी 'अत्यंत काळजी' घ्या. 'अति' आणि 'अंत' मिळून 'अत्यंत', म्हणजे शेवटाच्याही पलीकडे. अर्थ नेमका बसतो आणि शब्द रोजचा आहे. 'पराकाष्ठेची काळजी' भट्टीपाशी कुणी वाचणार नाही.

पण नुसत्या 'काळजी घ्या'नं भट्टीवरच्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. आधी मोठ्या अक्षरात हे लिहा: 'ओलं स्क्रॅप किंवा बंद डबा भट्टीत टाकू नका.' पाणी वितळलेल्या लोखंडाखाली गेलं की क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे १६०० पट वाढतं आणि रस अंगावर उडतो. बंद डब्यातली हवा आणि ओल तसाच दगा देते. हे कारणही एका ओळीत खाली द्या; कारण माहीत असलं की माणूस स्क्रॅप हातात घेऊन आधी बघतो. 'अत्यंत काळजी' सगळ्यात शेवटी.