मदत हवी आहे: बालमित्रांमधील मतभेद कसे हाताळावेत?
नमस्कार. आम्ही लातूर जिल्ह्यातील एकाच गावचे शाळासोबती आहोत. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे शेतात सगळ्यांनी मिळून जेवायच्या आमच्या येळवस या सणाला, ज्याच्या घरी शेत नसे त्यालाही हक्काचे बोलावणे असायचे आणि कडब्याच्या कोपीजवळ भज्जी, उंडे, आंबील खाताना कोण कोणत्या जातीचा हा विचार, निदान आम्हा मुलांच्या मनात तरी, कधी येत नसे. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून मात्र इतकी कटुता आली आहे की आमच्यातील दोघा मित्रांनी एकमेकांशी बोलणेच थांबवले आहे. मला दोघांचेही म्हणणे प्रामाणिक वाटते. यंदा येळवसेला सर्वांना आमच्या शेतात बोलवायचे आहे. तेव्हा हा विषय कटाक्षाने टाळावा, की प्रत्येकाला मध्येच न तोडता बोलू द्यावे? ज्यांनी असा प्रसंग हाताळला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.